खंडमाबाईंचा आठवा थर

शोभा कशाला म्हणतात हे खंडमाबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. उलानबातरच्या गालिचा कारखान्यात त्यांनी उभा जन्म नक्षी काढण्यात घालवला होता. अर्धं शहर त्यांच्या नक्षीवर पाय देऊन चालत होतं! त्यामुळे यंदाच्या पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणाला आपलं टेबल असं सजवायचं की पाहुण्यांना परत बूट घालायची आठवणच राहू नये, असं त्यांनी ठरवलं, त्यात बढाई काहीच नव्हती. निदान त्यांच्या मते तरी नव्हती.

खरी बोच बुटांचीच होती. खंडमाबाई घरातल्या थोरल्या भावाच्या पत्नी. नवरा जाऊन काही वर्षं झाली, तरी मान थोरल्या घराचाच. सणाच्या सकाळी पहिली गळाभेट त्यांच्याकडे व्हायची, हे ठरलेलं. सगळे यायचेही. कोपराखाली हात धरून नमस्कार, घोटभर चहा, मोदकासारखा वाफवलेला एखादा मटणाचा बूझ तोंडात, बाईंनी दिलेली भेटवस्तू हातात, की निघाले धाकट्या जावेकडे, दारिमाकडे. तिथं मग दिवसभर गाणी, गप्पा आणि हसणं. मागच्या वर्षी तर पुतण्या बिलगुननं एकच बूट काढला होता. दुसरा पाय उंबऱ्याबाहेर ठेवून त्यानं बूझ खाल्ला आणि तसाच गेला. मुलगा तुमेन कोरियातल्या कारखान्यात, त्याला सुट्टी नाही. बाईंनी मात्र जुन्या सवयीनं अख्ख्या गोतावळ्याला पुरतील इतके बूझ करून बाल्कनीत गोठवून ठेवलेले. ते पार गवत उगवेपर्यंत त्या एकट्या खात बसल्या. मटणाचे तेच ते बूझ रोज एकट्यानं खाणं किती जड जातं, हे खाल्ल्याशिवाय कळायचं नाही.

म्हणून यंदा त्या थंडीच्या सुरुवातीलाच कामाला लागल्या. केस कापायच्या दुकानात जाऊन मासिकं चाळली. एका पानावर लग्नाचा केक होता, उंच पायावर उभा केलेला, ते पान त्यांनी खोकल्याचा मोठा आवाज करून फाडलं. दुकानवालीनं पाणी आणून दिलं, ते प्यावं लागलं. वाचनालयातून जुन्या देवळांच्या छपरांचं पुस्तक आणलं. शेजारच्या मुलाचं जावळ होतं, तिथंही गेल्या. आलेल्या प्रत्येकानं मुलाची एकेक बट कापायची असते. खंडमाबाईंची नजर मांडलेल्या टेबलावर, कात्री हातात, आणि हात आपला चालूच! मुलाची आई किंचाळली तेव्हा पोराच्या अर्ध्या डोक्यावर ऊन पडलं होतं. बाईंनी माफी मागितली, पण टेबल तेवढ्यात पाहून घेतलं होतं. तिथंही केक उंच पायावरच होता. उंचीशिवाय शोभा नाही, यावर मासिक, पुस्तक आणि जावळ या तिघांचंही एकमत झालं.

आता सणाच्या टेबलावर मधोमध उभा राहतो तो बोवचा मनोरा. बोव म्हणजे बुटाच्या तळव्याएवढ्या लांबट, नक्षीदार, तळलेल्या पोळ्या. त्यांचे थर एकावर एक रचायचे आणि वर सुकवलेलं दही नि साखरेचे खडे ठेवायचे. थर नेहमी विषम हवेत. पहिला सुखाचा, दुसरा दुःखाचा, तिसरा पुन्हा सुखाचा, असं मोजत शेवट सुखावर आला पाहिजे. सम थर रचतात ते फक्त मयताच्या घरी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि खंडमाबाईंना तर पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वडीलधाऱ्यांच्या मानानं व्यवस्थित सात थर रचले.

आणि मग तो मनोरा उंचावण्यासाठी खाली एक पातेलं पालथं घातलं.

उघडं पातेलं वाईट दिसलं. देवळांच्या पुस्तकात म्हटलं होतं की पाया आणि इमारत एका जातीची दिसली पाहिजे. बाईंनी पुठ्ठा कापला, पातेल्याभोवती गुंडाळला आणि त्यावर बोवची नक्षी रंगवायला बसल्या. किती वर्षांनी हातात कुंचला आला होता! तळलेल्या पिठाचा तो तांबूस रंग, कडेला किंचित करपलेला भाग, मधला साच्याचा ठसा, सगळं त्यांनी उतरवलं. वरून तेलाचं बोटही फिरवलं. काम संपल्यावर मागे सरकून पाहिलं तर पुठ्ठा कुठला आणि बोव कुठला हे त्यांचं त्यांनाही ओळखू येईना. त्यांच्या लेखी मात्र ते पातेलंच होतं, आणि पातेलं कोणी थर म्हणून मोजत नाही.

सणाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी फोटो काढून फोनवरच्या घरच्या गटात टाकला. एरवी दारिमाच्या फोटोंवर बदामांचा पाऊस पडतो. यांच्या फोटोवर मात्र कोणी साधा अंगठाही दाखवला नाही. गट एकदम चिडीचूप. दारिमाची वाचाच बसली, असं म्हणून खंडमाबाई आनंदानं झोपायला गेल्या.

सकाळी उजाडताच बेल वाजली. दारात सगळे एकदम उभे. दीर गोंबो, दारिमा, बिलगुन, त्याची बायको, आणि मागे दोन-तीन चुलत घरं. दरवर्षी मोरासारखी नटणारी दारिमा साध्या, काळपट जुन्या अंगरख्यात होती. हार मानली म्हणायची, बाईंना वाटलं. मग सगळ्यांनी बूट काढले. दोन्ही पायांतले! बिलगुननं तर काढून नीट भिंतीला लावून ठेवले.

गोंबोनं त्यांच्या कोपरांखाली हात धरले आणि ते बराच वेळ सोडलेच नाहीत. "वहिनी, हिवाळा नीट गेला ना? गुरं धष्टपुष्ट आहेत ना?" त्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, पण त्याचा आवाज कापत होता. सहाव्या मजल्यावर बाईंकडे गुरं म्हणून एक निवडुंग होतं. गुरं मजेत आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्यावर दारिमानं तोंडाला रुमाल लावला.

मंडळी टेबलाभोवती बसली. सगळ्यांचे डोळे मनोऱ्यावर. एकेकाचे ओठ हळूहळू हलत होते, वरपासून खालपर्यंत, आणि तळाशी पोचले की चेहरा आणखी पडत होता. एवढं नि:शब्द कौतुक खंडमाबाईंच्या वाट्याला कारखान्यातही आलं नव्हतं.

कोणी काही विचारत नव्हतं याला कारण होतं. या महिन्यात तोंडातून अशुभ काढायचं नाही. काढलं तर ते वर्षभर घरात मुक्कामाला येतं. त्यामुळे कोण गेलं, हे विचारण्याची कोणाची छाती होईना.

"एकटीनं केलंस का गं ताई सगळं?" दारिमानं शेवटी हळूच विचारलं.

"एकटीनंच. कोण आहे दुसरं? परवा रात्रभर बसले होते," बाई म्हणाल्या.

"आम्हाला कळवायचंस तरी."

"म्हटलं, तुम्हाला एकदम फोटोच पाठवावा. बघाल तेव्हा कळेल."

त्यावर बिलगुनची बायको हुंदके देऊ लागली. खंडमाबाई जरा चपापल्या. चांगलं झालंय हे त्यांना माहीत होतं, पण इतकं?

मग जे घडलं ते त्यांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. कोणी उठेचना. दारिमा, जिनं या घरात कधी पेला विसळला नव्हता, ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. गोंबोनं बाईंच्या नवऱ्याच्या वेळेपासून गळणारा नळ दुरुस्त केला. बिलगुन बाल्कनीतून बूझ आणून वाफवत होता आणि "काकू, तुम्ही हलू नका" असं दर थोड्या वेळानं म्हणत होता. एका चुलत नणंदेनं त्यांच्या खांद्यावर शाल घातली. कोणी गात नव्हतं, हसत नव्हतं, पण घर माणसांनी भरलं होतं, खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती आणि दाराशी बुटांची रांग लागली होती. खंडमाबाई मधोमध बसल्या होत्या आणि सुखानं डोळे पुसत होत्या. ते पाहून बाकीचे आणखी गहिवरले.

दुपारी फोन वाजला. दारिमा जवळ होती, तिनं उचलला. पडद्यावर तुमेनचा चेहरा आला, गालात काहीतरी कोंबलेला.

"नमस्कार काकू! आई कुठाय?"

दारिमाच्या हातातून ताटली सुटली. ती मागे सरकत थेट टेबलावर मांडलेल्या मेंढीच्या भाजलेल्या पाठीवर टेकली आणि ओरडली, "अरे, तू बोलतोयस?"

"का? बोलू नको?" तुमेननं चावता चावता विचारलं.

मग एकच गलका उठला. तुमेन गेला असं दारिमा धरून चालली होती. गोंबोनं मनात खंडमाबाईंच्या दूर होव्दला राहणाऱ्या बहिणीला निरोप दिला होता. बिलगुनला वाटत होतं की काकूंनाच डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि त्या सगळ्यांना शेवटचं जेवू घालतायत. म्हणून तो हलू देत नव्हता! खंडमाबाई आळीपाळीनं प्रत्येकाकडे पाहत राहिल्या.

"पण मेलं कोण?" त्यांनी विचारलं.

"तेच तर कोणाला माहीत नाही! आठ थर कशाला रचलेस मग?" दारिमा म्हणाली.

बाईंना क्षणभर काही उमजेना. मग त्या उठल्या आणि खालचा पुठ्ठा त्यांनी नखानं उचकटून दाखवला. आत पातेलं चमकलं. बिलगुननं ते टिचकी मारून वाजवून पाहिलं. मग गोंबोला जे हसू फुटलं ते आवरेना. फोनमधला तुमेन हसला, हुंदके देणारी सूनबाई हसली, सगळं घर हसून हसून आडवं झालं. अशुभ टळावं म्हणून बाईंनी धूप फिरवला, तोही हसतच. त्या एवढ्याशा वेळात तिथं खरोखरचा सण होता.

मग दारिमानं घड्याळ पाहिलं. "अगंबाई, माझ्याकडे लोक खोळंबले असतील. आणि हा असा अवतार माझा! कपडेही बदलायचेत."

हायसं वाटलेली माणसं फार चपळ असतात. दाराशी बुटांची झुंबड उडाली. भेटवस्तू घेता घेता प्रत्येकजण म्हणत होता की काकू, काय घाबरवलंत, मनोरा मात्र झकास. कोणी रीतीप्रमाणे गाल हुंगले, कोणी हात दाबले, आणि जिन्यावरून हसण्याचा आवाज खाली खाली जात नाहीसा झाला. तुमेनची जेवणाची सुट्टी संपली होती, त्यानंही फोन ठेवला.

खंडमाबाई एकट्या उरल्या. दारिमानं भांडी उलटीपालटी लावून ठेवली होती, ती त्यांनी सरळ केली. नळ गळत नव्हता, त्यामुळे घर आणखीच शांत वाटत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. कोणी मेल्याशिवाय आपल्याकडे कोणी बसत नाही, हा विचार मनात आला आणि सणाच्या दिवशी असा विचार केल्याबद्दल त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. पुठ्ठा परत तसाच चिकटवून त्या खुर्चीत बसून राहिल्या.

बेल वाजली. दारात लुवसान उभे होते. कारखान्याच्या गाडीवर नवऱ्याच्या बरोबरीनं चालक होते ते. आता शहराच्या टोकाला टेकडीवर राहायचे. हातात दुधाची किटली, मान खाली आणि चेहरा पार उतरलेला. दोन बस बदलून आले होते.

"वहिनी," एवढंच म्हणून त्यांनी हात पुढे केले.

यांच्यापर्यंतही बातमी पोचली तर! लगेच सांगून टाकायला हवं होतं. पण बिचारे थंडीतून आले होते. आधी चहा होऊ दे, खंडमाबाईंनी ठरवलं. चहा झाला. लुवसान मनोऱ्याकडे पाहून उसासा टाकत होते. रिकाम्या पोटी धक्का नको, म्हणून बाईंनी बूझ वाफवायला ठेवले. बूझ खाता खाता लुवसान हळू आवाजात त्यांच्या नवऱ्याच्या आठवणी सांगू लागले. एकदा बर्फात गाडी रुतली तेव्हा त्यानं कारखान्याचा कोरा गालिचा चाकाखाली घातला होता आणि वरिष्ठांना सांगितलं होतं की उंदरांनी खाल्ला. हे बाईंना आजवर माहीत नव्हतं. नक्षी नक्कीच त्यांची असणार! त्यांना हसू येत होतं, पण घरात मयत आहे म्हटल्यावर हसणार कसं? त्या पदोपदी तोंड पाडत होत्या आणि त्यांना पाहून लुवसानही पाडत होते. आता सांगते, हा बूझ संपला की सांगते, असं करता करता खिडकीबाहेर दिवस कलला.

शेवटी त्यांच्यानं राहवेना. सणासुदीला एका भल्या माणसाला खोट्या दुःखात बसवून ठेवणं हे पाप होतं.

"लुवसानभाऊ, रागावू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कोणी गेलेलं नाही. खालचा थर पुठ्ठ्याचा आहे. आत पातेलं आहे."

लुवसाननी हातातला बूझ सावकाश संपवला.

"ठाऊक आहे मला. खाली तुमचा पुतण्या भेटला. त्यानं सगळं सांगितलं."

"मग आल्यापासून असं तोंड पाडून का बसलात?"

लुवसान अंमळ अवघडले. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"तो म्हणाला, खरं कळलं आणि लगेच सगळे उठले. म्हटलं, मग मला कळलेलं नाही."

 खंडमाबाई उठून बाल्कनीत गेल्या आणि बुझांची आणखी एक पिशवी घेऊन आल्या.