खापरीचं ठरत नव्हतं

टॉससाठी उडवलेली खापरी रविवारी दुपारी खाली आलीच नाही, कारण तिचं अजून ठरलं नव्हतं.

आमच्याकडे क्रिकेटला नाणं उडवत नाहीत. कौलाचा तुकडा घेतात, एका अंगावर थुंकतात आणि विचारतात, "ओलं की सुकं?" खालच्या वाडीचा कप्तान मोतीराम मेस्त्री 'ओलं' म्हणाला होता. खापरी त्याच्याच घरावरच्या कौलाची. त्यामुळे ती डोक्यावर हातभर थांबली तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं.

"माका इचार करूचो आसा," खापरी म्हणाली.

स्पर्धा कमिटीचे अध्यक्ष सामंत गुरुजी शांतपणे म्हणाले, "खापरीने विचार करू नये असा नियम नाही. मात्र माझ्या अंगठ्याचा जोर आणि वारा यांनी तुमचं पडणं आधीच ठरलेलं आहे, याची नोंद घ्यावी."

"घेतलंय," खापरी म्हणाली आणि तिथेच राहिली.

ऊन मी म्हणत होतं. थुंकी वाळायला लागली. ती पुरती वाळली की दोन्ही अंगं सुकी, म्हणजे टॉस वरच्या वाडीचा. आणि टॉस गेला की बॅटिंग शेवटी, मावळता सूर्य थेट डोळ्यांत. दरवर्षी कप असाच जायचा.

"अरे, तुज्या घरातली ना ती? सांग तिका!" त्याचा मेव्हणा अरविंद खेकसला.

"घरातली आसा म्हणानच सांगूचंय नाय. माज्या सांगण्यान पडली तर ती खंय पडली? मीच पाडलंय." मग वर बघून तो म्हणाला, "बाय, सावकाश."

थोड्या वेळाने खापरी अलगद उतरली. सुकं वर. गुरुजींनी ती उलटून पाहिली, तर खाली मसुरीएवढी ओल अजून शिल्लक होती. म्हणजे ओलं पडणं तिला जमलं असतं.

"कारण सांगा," गुरुजी म्हणाले. "कारण नसेल तर हा निव्वळ योगायोग. असेल, तर ठरलेलंच."

"कारण आसा," खापरी म्हणाली. "पण ता माजा."

गुरुजींनी निकाल मान्य केला. अरविंदने कपाळाला हात लावला. मोतीरामची छाती मात्र अभिमानाने फुगली होती.

वरच्या वाडीचा कप्तान हात मिळवायला आला. टॉस जिंकूनही त्याचा चेहरा उतरला होता; स्वतःचं स्वतः ठरवणारी खापरी त्याच्या वाडीत एकही नव्हती. त्याने हळूच विचारलं, "ही कौलां खंयसून आणलंस रे?"

"आज्यान घातलेली," मोतीराम म्हणाला, आणि कॉलर ताठ करून फिल्डिंग लावायला निघाला.