डावे चाक थोरल्याचे

थोरल्याच्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी दोघा भावांनी ट्रेलरचीसुद्धा वाटणी केली. मोटारीमागे ओढायची ती चाकांवरची खोली वडील मागे ठेवून गेले होते. लग्नात कुणाला आधी विचारले नाही यावरून भांडण पेटले आणि ट्रेलरची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची ठरली. खिडकी, कपाट, चाक, ज्याचे त्याचे.

आईला आपल्या बहिणीला भेटायचे होते. मावशी लांबच्या गावी अंथरुणाला खिळलेली. आईला पाठीमुळे बसवत नव्हते, झोपूनच न्यायला हवे. म्हणजे ट्रेलर आला. तो तर कित्येक वर्षे जागचा हलला नव्हता. टायरांची नक्षी नव्यासारखी होती, पण कडांना भेगा पडल्या होत्या. टायरवाल्याने भेगेत नख घालून सांगितले की दोन्ही बदला, उभ्या उभ्याही टायर मरतो.

धाकट्याने ओझे पेलणारा, खास ट्रेलरचा टायर घेतला. हे कळताच थोरल्याने मुद्दाम दुसरे दुकान गाठून साध्या मोटारीचा टायर आणला. माप तेच होते. बायकोने विचारले, एवढा भार सोसेल का? तर म्हणतो, "टायरला काय कळतंय, वर कोण बसलंय ते?"

धाकट्याला हे दिसले असते, पण डावीकडे बघायचेच नाही असे त्याने ठरवले होते.

निघाले. पुढे मोटारीत दोघे भाऊ, तोंडे दोन दिशांना. मागे ट्रेलर डावीकडे दबत चालला आणि आई घरंगळत भिंतीला जाऊन टेकली. गावाबाहेरच्या वळणावर डावा टायर फुटला.

थोरल्याचे म्हणणे, धाकट्याचा टायर ताठ राहिला म्हणून सगळा भार आपल्यावर आला. धाकटा म्हणाला, लग्नातही तुझे हेच रडगाणे होते. मग टायर राहिला बाजूला आणि लग्न पुन्हा सुरू झाले. जादा चाक मागे मधोमध टांगलेले होते, पण त्याची वाटणी झालेली नसल्याने कुणी हात लावीना. शेवटी टायरवाल्याला बोलावले. दोन बाजूंना दोन तऱ्हा बघून तो इतका भडकला की काढलेली अवजारे परत गाडीत टाकू लागला.

"दोन्ही एकसारखे घेणार असाल तर हात लावतो. नाहीतर म्हातारीला पाठीवर घेऊन जा."

"माझ्या बाजूला याच्यासारखा टायर लागणार नाही," थोरला म्हणाला.

तेवढ्यात ट्रेलरची खिडकी उघडली.

"मला मधोमध झोपवलं होतंत," आई आतून म्हणाली. "माझा कुठला हात कुणाच्या वाट्याला आलाय ते आधी सांगा, मग टायरचं बघा. तिकडे बहीण दाराकडे डोळे लावून पडलीय आणि इथे हे दोन सांड रस्ता अडवून उभे."

थोरला मुकाट्याने टायरवाल्याच्या गाडीत बसून दुकानात गेला. तिथे ट्रेलरचे एकसारखे टायर ओळीने उभे होते. टायरवाल्याने एक पुढे केला. थोरल्याने तो नाकारून त्याच्या शेजारचा घेतला. दुसऱ्याने निवडून दिला असे व्हायला नको.

मावशीकडे पोचल्यावर दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या आणि जेवणाआधीच लहानपणच्या कुठल्याशा परकरावरून कडाकडा भांडल्या. आईने फर्मान सोडले, "चला रे घरी. आत्ताच्या आत्ता."

"नाही," दोघे भाऊ एका तोंडाने म्हणाले. लग्नानंतर त्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते.

आठवडाभर राहिले. आई त्याच वर्षी थंडीत वारली. मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेली.