शंभर टक्के निरोप्या

"बाबा, दवाखान्यात फोन करून विचारा ना, कवळी तयार झाली का?"

"का विचारू? झाली की निरोप येईल. तुझंच सॉफ्टवेअर पाठवणार आहे ना?" बाबा खुर्चीत फोन हातात धरून ताठ बसले होते. "पोरीच्या कामावर बापानंच अविश्वास दाखवायचा?"

हा संवाद बुधवारपासून रोज होत होता, आणि आज शुक्रवार होता. रविवारी निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात बाबांचं मुख्य भाषण होतं. भाषण पाठ होतं, दात तेवढे नव्हते. बिनदातांची तालीम रोज व्हायची आणि समोर बसणाऱ्याला मधूनमधून चष्मा पुसावा लागायचा.

मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिथे तिला चिठ्ठीताई म्हणत, आणि आदराने म्हणत. दंतवैद्यांच्या दवाखान्यांसाठी तिने एक सॉफ्टवेअर नव्याने बांधलं होतं. जुन्यात प्रत्येक भाग आपापला निरोप्या, म्हणजे पेशंटना निरोप धाडणारा तुकडा, स्वतःच जन्माला घालायचा. तारीख देणारा भाग एक निरोप्या बनवी, कवळी तयार झाल्याचं कळवणारा दुसरा बनवी, आणि निरोप धाडायची पद्धत बदलली की दहा ठिकाणी खोदकाम निघे. चिठ्ठीताईने ते सगळं उपटून टाकलं. आता प्रत्येक भागाच्या डोक्यावर एका ओळीची चिठ्ठी होती: 'मला निरोप्या हवा.' बाकी बघायला फ्रेमवर्क, म्हणजे सगळे भाग जोडणारा तयार सांगाडा, समर्थ होतं. ते चिठ्ठ्या वाची आणि मागेल त्याला मागेल ते आणून हातात देई. पुस्तकात या चिठ्ठीला ॲनोटेशन म्हणतात, पण पुस्तकात बरंच काही म्हणतात.

"आपण फक्त गरज सांगायची," ती समजावून सांगे. "वस्तू कोण बनवतो, कुठून येते, ही चौकशी आपण करायची नाही."

"माझं घर असं चालायला हवं होतं," तिचे साहेब हळहळत.

मंगळवारी दुपारी मात्र तिला चाचणी घ्यायची होती. चाचणीत खऱ्या पेशंटना निरोप जाऊ नयेत म्हणून तिने एक खोटा निरोप्या लिहिला. तो काहीच करत नसे. कुठलाही निरोप दिला तरी "पोहोचवला" म्हणे आणि स्वस्थ बसे. आता निरोप्ये दोन झाले आणि फ्रेमवर्क अडून बसलं: दोघेही हात वर करून उभे आहेत, कोणाला घेऊ? तेव्हा तिने खोट्याच्या कपाळावर आणखी एक चिठ्ठी डकवली: 'याला आधी घ्या.' चाचणी उत्तम झाली. चिठ्ठी तिथेच राहिली. संध्याकाळी सॉफ्टवेअर पहिल्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे बाबांच्याच दंतवैद्याच्या, दवाखान्यात चालू झालं.

बुधवारी साहेब अहवाल नाचवत आले. "ताई, शंभर टक्के! जुन्याचे कधी एक्क्याण्णवच्या वर गेले नव्हते. एकसुद्धा निरोप चुकला नाही!"

ते खरंच होतं. जो काही करतच नाही, तो चुकणार कुठे?

साहेबांनी '१००' हा आकडा मोठा छापून भिंतीवर लावला. गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला. "अहो, पेशंट यायचेच थांबलेत. ठणका लागलेले दोघं तेवढे आपण होऊन आले."

"डॉक्टर, निरोप शंभरातल्या शंभर जणांना पोहोचलाय," साहेब म्हणाले. "आता पायसुद्धा आम्हीच पाठवायचे का?"

डॉक्टर भला माणूस. दोष आपलाच असणार असं त्यांनी धरलं. भिंतीवरचं किडलेल्या दाढेचं चित्र उतरवलं, ड्रिलला तेल दिलं आणि आरशासमोर उभं राहून 'दुखणार नाही' हे वाक्य तीन निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिलं.

शुक्रवारी ऑफिसात पोचल्यावर चिठ्ठीताईने बाबांच्या नावाची नोंद काढली. कवळी बुधवारीच तयार झाली होती. निरोप तीनदा पोहोचला होता. लागलेला वेळ: शून्य, शून्य आणि शून्य.

तिने त्या शून्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग 'याला आधी घ्या' ही चिठ्ठी खोट्याच्या कपाळावरून काढून खऱ्याच्या कपाळावर लावली आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे तीन दिवसांत एकही निरोप गेला नाही?"

"नाही."

"आणि तक्रार?"

"एकच आली. ती तुम्ही परत पाठवलीत."

साहेबांनी भिंतीवरच्या '१००' कडे नजर टाकली. "काहीही म्हणा," ते शेवटी म्हणाले, "इतका बिनतक्रार कर्मचारी आपल्याकडे दुसरा नाही."

शनिवारी सकाळी ती बाबांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर एकटेच बसले होते. तिने एका दमात चूक कबूल केली. डॉक्टरांचा चेहरा क्षणाक्षणाला उजळत गेला.

"म्हणजे लोक माझ्यावर नाराज नाहीत?"

"मुळीच नाही. त्यांना काही कळवलंच गेलं नाही."

"देवा! मी तीन दिवस स्वतःचं तोंड हुंगतोय." त्यांनी कपाटातून डबी काढली. "या काका, बसा. एरवी कवळी बसवायला मला दहा मिनिटं मिळतात. बाहेर रांग खोकत असते. पण ही मी तीन दिवस हातात घेऊन बसलोय. एकेक दात घासलाय, पुन्हा पुन्हा साच्यावर बसवून पाहिलीय. अशी कवळी मी उभ्या जन्मात केलेली नाही."

बाबांनी तोंड मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मग भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं. ते असं खणखणीत निघालं की कोणाचाही चष्मा ओला झाला नाही.

"बघ," बाबा मुलीला म्हणाले, "तुझ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास होताच."

रविवारी बाबा एक तास चाळीस मिनिटं बोलले. वीस मिनिटांची वेळ दिली होती. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. भाषणातलं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं नसावं. ते फक्त दातांकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे पाणावले होते.

कार्यक्रम संपल्यावर ते गर्दीतून वाट काढत चिठ्ठीताईकडे आले. सकाळी खऱ्या निरोप्याने सोमवारचे निरोप धाडले होते आणि एकाहत्तर जणांनी 'येतो' म्हणून कळवलं होतं. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, तो तुमचा काहीच न करणारा... महिन्यातून तीन दिवस माझ्याकडे मिळेल का हो?"

"बघते," ती म्हणाली. "तसा तो मोकळाच असतो."