बकरी उतरली की नाही?

मुलांना गोष्ट सांगावी तर ती मीच! अख्ख्या देवासात या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी परवापरवापर्यंत छाती काढून सांगायचो. त्यामुळे शुक्रवारी आमची पहिलीतली किमया शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक छातीशी धरून, "पापा, याचं शेवटचं पानच फाटलंय!" म्हणत भोकाड पसरती झाली, तेव्हा मी चक्क हसलो.

"हात्तिच्या! शेवट मी सांगतो!"

गोष्ट अशी. एक बकरी बसमध्ये चढते. तिकीट काढते. भूक लागते म्हणून तेच तिकीट खाते. कंडक्टर तिकीट मागतो, बकरी ढेकर देते. कंडक्टर शिट्टी मारतो, बस थांबते, दार उघडतं आणि... पान गायब!

"आणि बकरी उतरली," मी म्हणालो. "संपली गोष्ट."

"का उतरली? तिकीट काढलं होतं ना तिनं!"

"पण दाखवता आलं नाही."

"पोटात होतं की! कंडक्टरनं पोट बघायचं!"

माझी बायको मधुवंती मदतीला धावली. "अगं, कंडक्टरला दया आली. त्यानं तिला खिडकीजवळची सीट दिली."

"दया?" माझे वडील, आबा, खुर्चीतून उसळले. आबा म्हणजे रोडवेजचे रिटायर्ड कंडक्टर! "ड्यूटीवर कसली दया? बकरीला लगेजचं तिकीट लागतं! आधी दंड, मग सीट!"

किमयानं आम्हा तिघांकडे फौजदारानं चोरांकडे बघावं तसं पाहिलं. "तिघं तीन गोष्टी सांगताय. म्हणजे दोघं तरी झूठ बोलताय. सोमवारी मला वर्गात सांगायचीय. खरी गोष्ट!"

आणि दुसऱ्या दिवशी तिनं पोह्यांची प्लेट सरकवली. वर शेव घातलेल्या पोह्यांची! आमच्या माळव्यात माणूस तापानं फणफणला तरी शेव सोडत नाही. दुपारी वरणभातही दोनच घास. दूध नको. बकरीचं काय झालं ते सांगा!

मी धारला माझ्या बहिणीला, अंकिताला, फोन लावला. तिचा अर्पितही पहिलीतच. नशीब बघा, तेच पुस्तक त्याच्याकडेही होतं, तेही सगळ्या पानांसकट!

"फोटो पाठव!" मी ओरडलो.

"कसा पाठवू? माझा मोबाईल दुरुस्तीला गेलाय. हा सासूबाईंचा बटणांचा फोन आहे. थांब, वाचून दाखवते..."

किमयानं फोन हिसकावला आणि कट केला! "ऐकायचं नाही, बघायचंय. आत्या तुमचीच बहीण आहे!"

झालं! रविवारी सकाळी गाडी काढली. शेजारचे धीरज भिया गेटपाशी ब्रश करत उभे होते.

"सुबे-सुबे सवारी किधर, भिया?"

"धार. बकरी का मामला है. बच्ची ठीक से खाना नहीं खा रही," एवढं बोलून मी गिअर टाकला. भिया तोंडातल्या फेसासकट काहीतरी ओरडले, पण आम्ही सुटलो. इंदूरच्या ट्रॅफिकमधून मार्ग काढत, वाटेत दोनदा रस्ता चुकत, आबांकडून बकरीच्या भाड्याचे नियम ऐकत एकदाचे धारला पोचलो.

अंकिताच्या दारात एक बकरी उभी होती.

खरी! काळी, दाढीवाली. शेजारी दोरी धरून एक फेटेवाला माणूस. "देवास वाले साब? धीरज भिया का फोन आया था, इस घर का पता भी उन्होंने ही दिया. बोले, बिटिया बीमार है, डाक्टर ने बकरी का दूध बताया है. गंधवानी से बाजार में बेचने लाया था, बेची नहीं, आपके लिए रोक ली!"

मी काही बोलणार, तोच अर्पित पुस्तक नाचवत बाहेर आला. बकरीनं पुस्तक पाहिलं. तिचे डोळे चमकले. मी पायरीवरून अशी उडी मारली, की माझ्या पँटची शिवण टर्रकन फाटली, पण पुस्तक वाचवलं!

सगळे भोवती जमले. किमयानं शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं:

"आ-गे क्या हुआ हो-गा? घर में ब-ड़ों से पू-छो."

आबांनी पान उलटून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. किमया मात्र एकदम खूश झाली. "पापा, पुस्तकानंच सांगितलंय! आता तुम्ही सांगाल तीच खरी गोष्ट. सांगा!"

उन्हात उभा. मागून पँट हातानं धरलेली. फेटेवाला विचारतोय, "ले रहे हो ना, साब?" मी कसाबसा पुटपुटलो, "मग... मग बकरी आपल्या घरी गेली."

"आपल्या घरी?" किमया किंचाळली. "आपल्या म्हणजे आपल्या?"

तिनं दोरी हातात घेतली होती. त्यानंतर मी बोललो ते बकरीनंसुद्धा ऐकलं नाही.

सोमवारी किमयाच्या गोष्टीला वर्गात टाळ्या पडल्या. पुस्तक त्याच दिवशी लायब्ररीत जमा झालं. बकरी कुठे जमा करून घेतात, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा!