उमाळकर काकांचं ऊन

माणसानं अग्नी वश केला आणि तिथून संस्कृती सुरू झाली, असं म्हणतात. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या उमाळकर काकांनी ती निवृत्तीनंतर बंद केली. गॅसची शेगडी माळ्यावर गेली आणि गच्चीवर सूर्यचूल आली: काळी पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आरसा. वरण शिजायला तीन तास. आभाळ आलं तर चिवडा.

काका रेल्वेत गार्ड होते. कोळशाच्या मालगाड्यांच्या शेपटाला बसून त्यांची नोकरी संपली. आता ते दर वीस मिनिटांनी वर जाऊन पेटीचं तोंड सूर्याकडे फिरवतात. कुणी हसलं की भाषण ठरलेलं: "आपला कोळसा अर्ध्या देशाचे पंखे फिरवते. तो सरल्यावर काय करान? सूर्य कुठी पळून नाही राहिला!"

मी त्यांचा शेजारी, नोकरी ‘नवा रायपूर’ या नव्या राजधानीत. तिथे सौरऊर्जेवरच्या बैठका पडदे ओढून, दिवे लावून होतात. त्या मानानं काका मला गंभीर वाटायचे. भाषण मात्र मी टाळायचोच.

मग शेजारच्या तिवारींनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली आणि अकरापासून पेटीवर सावली पडू लागली. काकांनी त्यांना कोळशाचं भाषण पहिल्यापासून ऐकवलं.

"हव काका, सब सही है," तिवारी म्हणाले, "पर गैस काहे नहीं जला लेते?"

काका भाषण अर्धवट टाकून जिना चढू लागले. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी त्यांच्यामागे गच्चीवर गेलो.

"खरंच काका, काहून एवढा हट्ट?"

त्यांनी आधी जिन्याकडे पाहिलं. काकू खाली तांदूळ निवडत होत्या.

"थे तुही काकू गॅस लावते आन् इसरते," ते हळूच म्हणाले. "वरणाचे दोन गंज जळले. एकदा तं नुसताच गॅस चालू. पोरगी म्हणते, स्वयंपाकाले बाई ठेवा. लग्न झाल्यापासून थेच रांधून राहिली, आता तिले कसं सांगू का तुले जमत नाही? याच्यात मांडून इसरली तरी काही जळत नाही. तिले वाटते, मीच खुळा झालो."

"आणि कोळसा?"

"कोळसा लोकाईसाठी."

आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी तिथे आणली. तिवारींना मी काही सांगितलं नव्हतं, पण एक बाजू त्यांनीच उचलली. मागून काकू वरणाचा डबा घेऊन आल्या, तो पेटीत ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "पाहा ना, यांच्या खुळापायी साऱ्याईले तरास!"

"हो ना," काका म्हणाले आणि आरसा नीट केला. मग खुर्ची ओढून बसले. काकूही शेजारी बसल्या.

दीड वाजता आम्ही सगळ्यांनी मिळून काच उघडली. डब्यात हळद होती, मीठ होतं, वाफाळलेलं पाणी होतं. डाळ नव्हती.