फळ्यावरचा देव पुसला

नारायण पेठेतल्या त्या सोसायटीत जिन्याखालच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम सचिव दिगंबर केतकरांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं आणि बंद करा म्हणायची कोणाची छाती नव्हती. सुविचार लिहायचा, खाली सही ठोकायची आणि फिरायला जायचं. फिरायला म्हणजे कोपऱ्यावरच्या हॉटेलात जिलबी खायला! साखर वाढल्यापासून बायकोनं, शैलाताईंनी, त्यांचं गोड बंद केलं होतं. "पुन्हा खाल्लंत, तर मी लेकीकडे लोणी काळभोरला निघून जाईन. मग बसा हातानं पोळ्या लाटत," असा दमच भरला होता. केतकरांना साधा चहा धड करता येत नव्हता.

त्या सकाळी त्यांनी लिहिलं, 'देवाला सगळं माहीत आहे. तो बोलत नाही, एवढंच.' ते जिलबीला गेले आणि तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी नवी गादी चढली. चढताना फळ्याला घासली. 'देवाला' गेलं, त्याच्याखालचं 'तो'ही गेलं. उरलं ते असं : 'सगळं माहीत आहे. बोलत नाही, एवढंच. – दि. वा. केतकर, सचिव.'

केतकर परत येऊन पेपर उघडतात तोच बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे भीमराव, घामाघूम.

"केतकर, बोलायचं तर तोंडावर बोला! हो, धुतो मी गाडी पिण्याच्या पाण्यानं. दुपारी, सगळे झोपल्यावर. पण असं जाहीर?"

केतकरांच्या हातून पेपर गळला. पाणी वाचवा म्हणून मीटिंगमध्ये घसा कोरडा करणारे ते हेच भीमराव!

ते पाय आपटत गेले, तोवर समोरच्या फ्लॅटमधली अक्षता आली. पाठीला लॅपटॉप, डोळ्यांत पाणी.

"काका, सो सॉरी. तुमची तुळशीची कुंडी मी पाडली. फोनवर होते, धक्का लागला. नाव मांजराचं सांगितलं."

"अगं, त्या मांजराला मी पोत्यात घालून येरवड्याला सोडून आलो की!"

"म्हणून तर गिल्टी वाटतंय."

निरपराध मांजर, आणि थेट येरवडा! केतकर मटकन खुर्चीत बसले. शैलाताई कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेरून आल्या आणि कोणाकडे न बघता आत गेल्या.

मग वरच्या मजल्यावरचे इम्तियाजभाई. शांत, सज्जन माणूस. त्यांच्याकडून तरी केतकरांना धोका वाटला नाही.

"केतकरसाहेब, माफ करा. तुमचा पेपर पहाटे आधी मी वाचतो. शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवतो, खोडतो आणि घडी घालून परत ठेवतो."

"अहो भाई!" केतकर किंचाळले. "चौकटी धुरकट दिसतात म्हणून मी मोतीबिंदू तपासून आलो!"

"निघाला का?"

"निघेल कसा? पण तुम्हा सगळ्यांना सांगितलं कोणी, की मला माहीत आहे?"

"तुम्हीच. खाली, सहीनिशी."

केतकर चपला न घालताच जिना उतरले. फळा पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले. अरे देवा! देव पुसला गेला होता आणि त्याच्या जागी केतकर बसले होते. तरी मनातून त्यांना जरा बरं वाटलं, नाही असं नाही. एवढ्या चोरांच्या बिल्डिंगमध्ये आपण एकटे धुतल्या तांदळासारखे! देवाला परत लिहावं म्हणून त्यांनी खडू उचलला, आणि सहीखाली बारीक, वळणदार अक्षरात लिहिलेला शब्द दिसला.

'मलाही.'

अक्षर ओळखीचं होतं. घरातल्या लोणच्याच्या बरण्यांवर तेच असायचं.

ते धापा टाकत वर आले. दाराशी प्रवासाची बॅग होती. शैलाताई पदराला हात पुसत होत्या आणि पदरावर खडूची पांढरी बोटं उमटली होती.

"शैला, अगं... जिलबीचं तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. बोलत नव्हते, एवढंच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बॅग उचलली. "कणकेचा डबा वरच्या फळीवर आहे."