टायर शेकण्याची गोष्ट

टायर निवडायला त्याने महिनाभर घेतला. “मला पसंत करायला तुम्हाला एक दुपार पुरली होती,” असे बायकोने सुनावले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तेव्हा पाहायला दुसरं कुणी नव्हतंच ना.” त्याला विनोद करायचा नव्हता. पंपांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. जे मोजमाप येईल तेच सांगायचे, ही सवय त्याला नोकरीत लागली होती. ती घरी आणायची नसते, हे मात्र कुणी शिकवले नव्हते. इमारतीत त्याला सगळे ‘मायक्रोमीटर’ म्हणत. त्या उत्तरानंतर पुढचे काही दिवस चहा त्याने स्वतःच करून घेतला.

गाडी त्याने फार वर्षांच्या हौसेने घेतली होती. वापरलेली, पण दांडगी. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी लोकांसाठी राखून ठेवलेल्या रविवारी तिला एकदा मनसोक्त पळवायचे, एवढेच त्याचे स्वप्न होते. बायकोने ती एका अटीवर दारात येऊ दिली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिची आई यांच्याकडेच राहायला आली होती. “दर सोमवारी आईला व्यायामाच्या दवाखान्यात वेळेवर पोचवायचं. एकदा जरी टॅक्सी बोलवावी लागली, तर गाडी विकायची.”

टायरवाल्याने त्याला आधीच सावध केले होते. “साहेब, गाडी रस्त्यावर किती नि ट्रॅकवर किती?”

“रस्त्यावर रोज. ट्रॅकवर तीन महिन्यांतून एकदा.”

“मग सरळ रस्त्याचे घ्या. ट्रॅकचे टायर जमीन धरून ठेवतात, कबूल, पण तापल्यावर. गार असले की साबण! आणि खाचा कमी, त्यामुळे ओल्यात तर विचारूच नका.”

“गाडी चालायला लागली की टायर तापणारच ना?”

“चालायला लागली तर तापतील की!”

टायरवाल्याच्या हसण्याकडे त्याने लक्ष दिले नाही. त्याने पकड, वळण, ब्रेक, झीज अशा प्रत्येक बाबीला महत्त्वाप्रमाणे गुण देऊन रीतसर तक्ता केला. गारठ्याला त्यात जेमतेम जागा मिळाली, कारण गारठा ही तात्पुरती अवस्था होती. ट्रॅकचे टायर भरघोस फरकाने जिंकले आणि गाडीला बसले. मग गाडी हलकी व्हावी म्हणून त्याने डिकीतले जादा चाक, जॅक आणि गालिचासुद्धा काढून माळ्यावर टाकला.

सोमवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. इमारतीच्या तळघरातून वर येणारा गुळगुळीत चढ वॉचमनने नुकताच धुतला होता. सासूबाई वॉकर घेऊन लिफ्टने तळमजल्यावर गेल्या, बायको त्यांच्यासोबत फाटकाशी उभी राहिली आणि त्याने खाली गाडी सुरू केली. इंजिन असे काही गरजले की वॉचमनने नकळत सलाम ठोकला. गाडी चढाच्या मध्यापर्यंत आली. तिथे मागची चाके जागच्या जागी गरगरू लागली आणि गाडी मोठ्या डौलाने मागे घसरत पुन्हा तळघरात आली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बायको चढाच्या तोंडाशी येऊन ओरडली, “अहो, काय चाललंय? वर या ना!”

“टायर गार आहेत!”

“मग तापवा!”

“चालल्याशिवाय तापत नाहीत!”

“मग चालवा!”

“तापल्याशिवाय चालत नाही!”

बायकोने पर्समधून फोन काढला. बोलावलेली टॅक्सी म्हणजे विकलेली गाडी, हे दोघांनाही ठाऊक होते. “दहा मिनिटं दे,” तो कळवळून म्हणाला. एवढ्यात मागून हॉर्न वाजला. तिसऱ्या मजल्यावरचे वकील कोर्टात निघाले होते आणि त्यांची वाट अडली होती.

“मायक्रोमीटर, एवढी ताकद आहे ना हो या गाडीत?”

“ताकद आहे. पकड नाही.”

“मग माझ्या अशिलासारखीच आहे तुमची गाडी,” वकील म्हणाले आणि घड्याळ पाहू लागले.

तेव्हा त्याला सासूबाईंचा गुडघा आठवला. तो वर धावला आणि सासूबाईंचा गुडघा शेकायचा विजेचा पट्टा घेऊन आला. एका चाकाला तो गुंडाळला. दुसऱ्यासाठी वॉचमनने गरम पाण्याची पिशवी मिळवली, वकिलांनी नाइलाजाने आपला लोकरी मफलर दिला. पंपांचा निष्णात तपासनीस चाकाशी उकिडवा बसून आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा टायरला हात लावून पाहत होता.

“ताप आला का?” वकिलांनी विचारले.

लिफ्टचे दार उघडले आणि वॉकर टेकत सासूबाई बाहेर आल्या. मागे बायको होती, फोन कानाला लावण्याच्या बेतात.

“जावईबापू, वर थंडीनं गुडघा धरला. माझा पट्टा कुठाय?” चाकाकडे नजर गेली आणि त्या थबकल्या. “अगंबाई! याचंही ऑपरेशन झालं का?”

तो ओशाळून पट्टा सोडू लागला. सासूबाईंना उभे राहवेना. जवळपास खुर्ची नव्हती, म्हणून बायकोने गाडीचे मागचे दार उघडले. सासूबाई भरल्या अंगाच्या. आत बसून त्यांनी सीटवर पाय लांब केला, तेव्हा गाडीचे बूड चांगलेच खाली गेले. “आता मला उठवू नका,” त्यांनी बजावले.

बायको पुढे बसली. त्याने चाकांवरचे सगळे काढले आणि शेवटचा प्रयत्न म्हणून गाडी हळूच चढाला लावली. मागची चाके किंचित सरकली, मग त्यांनी जमीन धरली, आणि गाडी कुरकुर न करता वर गेली. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंचा चेहरा आरशात दिसत होता.

“मी बसले म्हणून चढली?”

“हो आई. मागच्या चाकांवर वजन हवं होतं. ते मी मोजायलाच विसरलो.”

सासूबाईंनी दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाल्या, “ऑपरेशन झाल्यापासून सगळे मला उचलून इकडून तिकडे ठेवतात. माझ्यावाचून काही अडलं, असं आजच झालं बघ.” शेजारच्या सीटवर बायकोने फोन पर्समध्ये ठेवला आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

त्याच आठवड्यात त्याने टायरवाल्याकडे जाऊन निमूटपणे रस्त्याचे टायर बसवून घेतले. ट्रॅकचे रविवारसाठी माळ्यावर गेले. त्याने तळघरातला चढ पहाटे ओला करून मोकळी गाडी चढवून पाहिली. ती एका दमात वर आली. मग तो ती पुन्हा खाली घेऊन गेला.

सोमवारी बायको आईला घेऊन फाटकाकडे निघणार, एवढ्यात तळघरातून त्याचा फोन आला. आयुष्यात कधी चुकीचे मोजमाप न सांगितलेला तो माणूस घसा खाकरत म्हणाला, “आईंना खालीच आण. गाडी चढत नाहीये.”

सासूबाई लगबगीने खाली आल्या. आत बसण्याआधी वॉकरवर भार देऊन त्या क्षणभर वाकल्या, मागच्या चाकाच्या नव्याकोऱ्या खोल खाचांवरून त्यांनी बोट फिरवले आणि मग ऐसपैस बसल्या.

“चला जावईबापू,” त्या म्हणाल्या, “आणि हो, पुढच्या सोमवारीही चढू देऊ नका.”